वाणात गेलेलं पुस्तक

भिलाईत पोलाद तयार होतं हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. इथे लेखकही तयार होतात, हे मात्र मलाच ठाऊक आहे, कारण ते तयार झाले की थेट माझ्या दुकानात यायचे. प्लांटमधून निवृत्त झाल्यावर पहिला महिना माणूस झोपतो, दुसऱ्या महिन्यात बायकोला स्वयंपाक शिकवतो आणि तिसऱ्या महिन्यात, बायकोनेच घराबाहेर काढल्यामुळे, हस्तलिखित घेऊन पावर हाउस नावाच्या भागात, माझ्याकडे येतो.

माझं दुकान पावर हाउसच्या बाजारात, स्टेशनाकडून आत शिरणाऱ्या गल्लीत. एका बाजूला कुकरची रबरं विकणारा आणि दुसऱ्या बाजूला बँडवाला. पाटीवर हिंदीत ‘शादी कार्ड, बिल बुक, पुस्तक छपाई’ आणि त्याखाली, माझ्या हट्टाखातर, ‘मराठी अक्षरजुळणी करून मिळेल’. मराठी जुळणी करणारी गावात मी एकटीच. त्यामुळे स्पर्धा नव्हती. धंदाही फारसा नव्हता, पण स्पर्धा नव्हती हे मी लोकांना आधी सांगत असे. आता दुकान पुतण्या बघतो. तो वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो आणि मराठी फक्त माझ्याशी, तेही जेवताना बोलतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुस्तक काढायचे रस्ते दोन. पहिल्या रस्त्यावर तुम्ही पुण्या-नागपूरच्या प्रकाशकाला हस्तलिखित पाठवता आणि वाट पाहता. त्याला आवडलं तर खर्च तो करतो, संपादन तो करतो, विकतोही तो, आणि तुम्हाला थोडं मानधन, काही प्रती आणि ‘अमुक प्रकाशनाचे लेखक’ ही पदवी मिळते. नाही आवडलं तर ‘साभार परत’. दुसऱ्या रस्त्यावर तुम्ही माझ्याकडे येता. खर्च तुमचा, निर्णय तुमचे आणि छापून झाल्यावर गठ्ठे तुमच्या दिवाणाखाली. एक तिसरा रस्ताही आहे. त्यात नाव प्रकाशकाचं असतं आणि खर्च तुमचा. तो रस्ता दुरून पहिल्यासारखा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं, पण तोवर माणसाने नातेवाइकांना सांगून टाकलेलं असतं.

माझी गिऱ्हाइकं प्लांटची, त्यामुळे पुस्तकाकडेही ती प्लांटच्याच नजरेने पाहत. गुणवत्ता तपासणीतून निवृत्त झालेल्या एका कवींनी छापून आलेल्या प्रत्येक प्रतीची जाडी व्हर्नियरने मोजली आणि काही प्रती ‘रिजेक्ट’ म्हणून वेगळ्या काढल्या. कविता त्यांनी तशा तपासल्या असत्या तर कागद वाचला असता. दुसऱ्या एका गृहस्थांना पहिल्याच छपाईवर ‘दुसरी आवृत्ती’ असं हवं होतं. म्हणाले, “पहली आवृत्ती कोणी घेत नाही हो ताई. लोक म्हणतात, आधी दुसऱ्यांना वापरून पाहू द्या.”

त्यातून फर्म्याचं गणित. पुस्तक सुट्या पानांनी छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. म्हणून सोळाच्या पटीत पानं बसली तर बरं. एखादं पान वर गेलं की पुढचा अख्खा फर्मा गळ्यात. “एक कविता कमी करा” असं मी आयुष्यभर कवींना सांगत आले. एकानेही कमी केली नाही. सगळ्यांनी पंधरा वाढवल्या.

अशा दुकानात एका दुपारी गजानन भोयर आले. मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. सारी नोकरी कोक ओव्हनमध्ये. दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करतात आणि तो कोक पुढे लोखंडाच्या भट्टीला लागतो. त्या कोळशाच्या भट्ट्यांवर भोयरकाका उभे राहिले ते थेट निवृत्त होऊनच खाली उतरले. घर प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, दोन खोल्यांचं क्वार्टर, ते त्यांनी पुढे लीजवर घेतलं. हस्तलिखित त्यांनी डब्याच्या पिशवीतून आणलं होतं.

“कविता आहेत का?” मी धास्तीने विचारलं.

“नाई ताई. कविता कोन वाचते? जे झालं ते लिवलं.”

मी चार पानं वाचली आणि चहा सांगितला. चहा मी सहसा चाळीस पानांनंतर सांगत असे. पुस्तक त्यांनी बोलतात तसंच लिहिलं होतं. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिलो’, मध्येच हिंदी, मध्येच छत्तीसगढी. भट्टीची धग, पहिल्या दिवशी चपलेचा तळ कसा मऊ झाला, कोणाला कोणत्या नावाने चिडवत, सगळं होतं आणि एकदाही ‘संघर्ष’ हा शब्द नव्हता. मी म्हटलं, “काका, हे मी आनंदाने छापीन.”

“तुमी छापान हो,” ते म्हणाले, “पन तुमी त सगळ्याइचंच छापता.”

खरं होतं.

अडचण त्यांच्या साडूची होती. काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान पुण्यात प्राध्यापक. त्यांची पुस्तकं रीतसर प्रकाशकाने काढलेली आणि रीतसर कोणी न वाचलेली. त्यांनी भोयरकाकांना फोनवर सांगितलं होतं, “गजाननराव, स्वखर्चाने पुस्तक काढणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच अक्षता टाकण्यासारखं.” हे वाक्य काकांच्या मनात कोळशाच्या कणासारखं रुतलं होतं. प्लांटमध्ये त्यांनी कधी कोणाचं सर्टिफिकेट मागितलं नव्हतं, पुस्तकासाठी मात्र हवं होतं. साडूंच्याच ओळखीने हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशकाकडे गेलं, आणि माझ्याकडे जुळणीसाठी एक प्रत राहिली.

वाट पाहण्याच्या काळात काका दर आठवड्याला दुकानात येत. अशाच एका दिवशी मी ‘डबा’ नावाचं प्रकरण जुळवत होते. पाळीच्या मधल्या सुटीत सगळे आपापले डबे वर्तमानपत्रावर एकत्र उघडत, त्याचं वर्णन. त्यात गुरुवारी मनराखन नावाचा छत्तीसगढी सोबती घरून कोंबडीचा रस्सा आणायचा. नेमक्या त्याच वेळी शिफ्टचे साहेब ‘तपासणी’साठी यायचे. साहेबांचा गुरुवारचा उपास असायचा आणि तपासणी तंगडीपासून सुरू व्हायची. ते वाचून मी हसले. काका हसले नाहीत.

“पुढचं वाचा,” ते म्हणाले.

पुढे त्यांच्या स्वतःच्या डब्याचं होतं. कमलकाकू डब्यात हटकून अंबाडीची भाजी देत. छत्तीसगढात तिला अमारी म्हणतात. भाजी उघडली की मनराखन आणि बाकीचे तुटून पडत आणि काकांच्या वाट्याला काही उरत नसे. डबा चाटूनपुसून परत जाई. काकूंना वाटे, नवऱ्याला अंबाडी फार आवडते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा अंबाडी. प्रकरणाचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘खरं सांगाचं त मले अंबाडी पयल्यापासून आवडत नाई.’

“काकूंना माहीत आहे?”

“कायले माहीत असन? रिटायर झालो तरी देऊन राह्यली. आता त डबा बी नाई अन् मनराखन बी नाई. सामने बसून खा लागते.”

“मग लिहिलं कशाला?”

“लिवता लिवता खरं येऊन गेलं,” काका खिन्नपणे म्हणाले. “आता कापू म्हनलं त बाकीचं बी खोटं वाटते.”

“काकूंनी हस्तलिखित वाचलं नाही?”

“ते म्हनते, पुस्तक होऊ द्या, मंग वाचीन. कागदं वाचाले मी का मास्तरीन आहो?”

असा हा पेच होता. पुस्तक निघावं ही इच्छा, आणि ते निघालं की घरात काय होईल ही भीती.

पुण्याचा फोन आला तेव्हा काका माझ्याच दुकानात होते. बँडवाला सराव करत होता म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. प्रकाशकांचा आवाज गोड होता.

“भोयर साहेब, लेखन प्रामाणिक आहे. प्रामाणिक! पण भाषा जरा शुद्ध करून घ्यावी लागेल. तांत्रिक भाग निम्मा कमी. आणि संघर्ष कुठे दिसत नाही.”

“तो लिवाचा राह्यला,” काका म्हणाले.

“एखादं प्रकरण घाला. आणि ते डब्याचं प्रकरण काढून टाकू. त्याला वाङ्मयीन मूल्य नाही.”

काकांचा चेहरा एकदम उजळला. एखाद्या लेखकाचं प्रकरण कापलं जात असताना तो इतका सुखावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

“आणि एक औपचारिकता,” आवाज आणखी गोड झाला. “निम्म्या प्रती लेखकाने आधीच घ्यायच्या असतात.”

हा तो तिसरा रस्ता. मी बोटांनी तीनची खूण केली. काकांनी ‘विचार करून सांगतो’ म्हणून फोन ठेवला, पण मला दिसत होतं की त्यांचा विचार झालेला आहे. पुण्याचं नाव मिळणार, साडूचं तोंड बंद होणार, आणि अंबाडी आपोआप कापली जाणार. एका दगडात तीन पक्षी.

चौथा पक्षी कमलकाकू. दुसऱ्या दिवशी त्या काकांना पुढे घालून दुकानात आल्या. ठेंगण्या, ठसठशीत, हातात भाजीची पिशवी.

“ताई, मले सांगा, हे पुन्यावाले का म्हनून राह्यले?”

मी सांगितलं. भाषा बदलायची, एक प्रकरण काढायचं, प्रती आपणच घ्यायच्या.

“कोनतं प्रकरन?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भट्टीचं दार उघडं राहिलं आहे आणि ते लावायला मीच धावायला हवं. मी म्हटलं, “असंच एक. मधलं.”

“मंग लिवलं कावून?” काकू काकांकडे वळल्या. “चार वर्सं टेबलावर वाकून बसले. मी चहा देऊन राह्यली. आता तेच कापाचं? आन् पैसे बी आपलेच? मंग पुन्यावाले का करनार? नाव ठेवनार?”

“बारसं करतेत ते,” काका पुटपुटले.

“लेकरू आपलं, पाळना आपला, आन् बारशाले पुन्याहून मानूस? ताई, यायनं जसं लिवलं तसंच छापा. एक बी अक्षर कमी नाई पाह्यजे.”

काकांना ‘का कमी पाहिजे’ ते सांगता येत नव्हतं. लेखनस्वातंत्र्याची इतकी कडवी बाजू मी कुठल्याच परिसंवादात ऐकलेली नाही, आणि लेखक इतका हताशही पाहिलेला नाही. पुस्तक माझ्याकडे छापायचं ठरलं. सोळाच्या पटीत ते अगदी बरोबर बसलं. मी याला शुभशकुन मानलं.

आता विमोचन, म्हणजे प्रकाशन समारंभ. भिलाईत पुस्तक छापलं तरी निघत नाही, ते मंचावर रिबिन सोडून काढावं लागतं. अध्यक्ष म्हणून आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उमाठे साहेब आले. प्लांटमधून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. मंडळात आरती असो की रक्तदान, साहेबांचं भाषण एकच: सात्त्विक आहार, कांदा-लसूण वर्ज्य आणि कित्येक वर्षांचा अखंड गुरुवार. हे साहेब म्हणजेच डब्याच्या प्रकरणातले तपासणीवाले साहेब. भोयरकाकांनी पुस्तकात त्यांचं नाव सरळ लिहिलं होतं. मी जुळणी करताना विचारलं होतं, “नाव ठेवायचं?” काका म्हणाले होते, “आमी काई वाईट नाई लिवलं. भूक लागत होती मानसाले.”

साहेबांना प्रत आधी दिली होती. ती त्यांनी उघडली नसावी, कारण ते बराच वेळ स्वतःविषयी बोलून झाल्यावर म्हणाले, “या पुस्तकाचं वैशिष्ट्य म्हणजे त्यातली सात्त्विकता! माझ्या हाताखालची माणसं अशीच घडली. पानापानांवर ते संस्कार दिसतात.” टाळ्या झाल्या. काकांनी मान खाली घातली. मी सभागृहाच्या छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता.

शाल, श्रीफळ, चिवडा झाला. प्रत्येक पुरुषाने जाताना एक प्रत प्रसादासारखी घेतली आणि घरी जाऊन फ्रीजवर ठेवली. फ्रीजवर ठेवलेलं पुस्तक माझ्या अनुभवाप्रमाणे घर बदलतानाच खाली येतं. उरलेले गठ्ठे सेक्टर ६ च्या क्वार्टरात दिवाणाखाली गेले. कमलकाकूंनी आपली प्रत देवापुढे ठेवली आणि “सवडीनं वाचीन” म्हणाल्या. काका रोज देवाजवळ बसू लागले. काकूंना वाटलं, लेखक झाल्यावर माणूस धार्मिक होतो.

पुढे संक्रांत आली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण द्यायचं असतं, म्हणजे घरात उपयोगी पडेल अशी एखादी वस्तू. वाटी, गाळणी, साबणदाणी. रथसप्तमीपर्यंत प्रत्येक बाई इतक्या घरी जाते की गाळण्या गाळून घ्याव्या लागतात. म्हणून आमच्याकडे, आणि मला वाटतं सगळीकडेच, मिळालेलं वाण पुढे देतात. फक्त ज्या घरून आलं त्या घरी जाऊ नये एवढी दक्षता घ्यायची. एक निळ्या झाकणाची डबी मी स्वतः दोनदा दिली आहे आणि तीनदा घेतली आहे. तिचा प्रवास कुठल्याही प्रकाशकाच्या वितरणाहून चांगला होता.

कमलकाकूंनी दिवाणाखाली वाकून पाहिलं आणि त्या वर्षी वाण म्हणून पुस्तक दिलं. काकांना विचारलं नाही.

“वाट्या आनाच्या तरी कायले? हे घरचंच पडून हाय,” त्या मला म्हणाल्या. मलाही ओटीत तिळगुळाबरोबर एक प्रत मिळाली. मी छापलेलं पुस्तक मला कोणी देण्याची ती पहिली वेळ.

पुस्तक सेक्टरांतून कॅम्प-१ च्या वस्तीत गेलं, तिथून दुर्गला, राजनांदगावला. कोणी बहिणीसाठी नागपूरला नेलं. पण डबी आणि पुस्तक यांत एक फरक होता. डबी पुढे देण्याआधी कोणी उघडून पाहत नाही. पुस्तकावर कुंकू सांडलं नाही ना, आत नाव लिहिलेलं नाही ना, हे बघायला बायकांनी पानं उलटली आणि उलटता उलटता थांबल्या. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर त्यांनी आयुष्यभर कुकर लावला त्याच्या फाटकाच्या आत नवरा नेमकं काय करत होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. “काय झालं आज?” “काही नाही, ड्युटी.” एवढ्यावर संसार झाले होते. ज्या सुना मराठी नीट बोलत नव्हत्या त्या लिपी तीच म्हणून अडखळत मोठ्याने वाचत, आणि सासवा अर्थ सांगत. मी ते दोन घरांत पाहिलं. माझ्या सबंध नोकरीत, म्हणजे दुकानदारीत, मला दुसरा पुरस्कार मिळाला नाही.

हे सगळं तसं शांतपणे चाललं असतं. ते बिघडवलं, किंवा घडवलं, उमाठे साहेबांनी. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं. ते स्कूटर दुकानासमोर आडवी लावून आत आले.

“ताई, पान बासष्ट!”

“हो साहेब. छान छापलंय.”

“छान? माझं नाव आहे त्यात! तंगडीसकट!”

“तुम्हीच म्हणालात, पानापानांवर संस्कार दिसतात.”

“मी पान बासष्टविषयी बोललो नव्हतो! शुद्धिपत्र काढा. ‘उमाठे साहेब’च्या जागी ‘एक अधिकारी’. चिकटपट्टी लावा.”

मी समजावलं की शुद्धिपत्र दुकानातल्या प्रतींना लावता येतं. वाणात गेलेली वस्तू परत मागवण्याची रीत छपाईतही नाही आणि धर्मातही नाही. साहेब तणतणत गेले आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं: परिपत्रक काढलं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संध्याकाळी सूचना आली: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की श्री. भोयर यांच्या पुस्तकात पान ६२ वर तांत्रिक त्रुटी आढळल्याने सर्व प्रती अध्यक्षांकडे तत्काळ जमा कराव्यात.’

त्या संध्याकाळी भिलाईतल्या मराठी घरांत एकूण एक फ्रीजवरून पुस्तक खाली आलं. पुस्तकाच्या जाहिरातीवर लोक काय काय खर्च करतात! खरं तर एक जबाबदार माणूस आणि पानाचा क्रमांक एवढंच लागतं. अध्यक्षांकडे एकही प्रत जमा झाली नाही. माझ्याकडे मात्र फोन सुरू झाले. “ताई, आमची प्रत वाणात गेली हो पुढे. एखादी मिळेल का? पान बासष्ट असलेली.”

या गडबडीत फक्त एका बाईने पान बासष्ट वाचलं नव्हतं. तिची प्रत देवापुढे होती, आणि कोणी विचारलं की ती म्हणे, “आमच्या घरचंच हाय, पळून नाई जात.”

रथसप्तमीला काकू शेवटच्या हळदीकुंकवाहून घरी आल्या. हातात वाण होतं. नीट पाहिलं तर त्यांचंच पुस्तक. कोणाची तरी दक्षता चुकली होती.

काका दुसऱ्या दिवशी ते घेऊन माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

“साभार परत आलं, ताई. पुन्याहून नाई आलं, सेक्टरातून आलं. साडू बरोबर होता. फुकटचं बी लोकाइले नको.”

मी पुस्तक हातात घेतलं. ते फुगलं होतं. कोपरे दुमडलेले, एका पानावर हळदीचं बोट, एका पानावर तेलाचा डाग. न वाचलेलं पुस्तक कसं दिसतं हे मला चांगलं माहीत आहे, आयुष्यभर तीच पाहिली. हे तसलं नव्हतं. मी उघडलं. समासात पेन्सिलीने, पेनाने, एका ठिकाणी काजळाच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं. निरनिराळी अक्षरं. चपलेचा तळ मऊ झाला तिथे: ‘आमचे हे दर महिन्याला चप्पल मागत. मी उधळे म्हणायची.’ धगीच्या वर्णनापाशी हिंदीत: ‘पापा ने कभी बताया नहीं.’ आणि पान बासष्टवर, तंगडीच्या शेजारी, वळणदार सुवाच्य अक्षरात: ‘गुरुवारी रात्री यांचं पोट बिघडायचं. मी मेली साबुदाण्याला दोष देत राहिले. सौ. उमाठे.’

आम्ही दोघे इतके हसलो की बँडवाल्याने सराव थांबवला.

त्याच आठवड्यात, काका दुकानात असताना, पुण्याचा फोन आला. एक प्रत वाणाच्या वाटेने काकूंच्या बहिणीकडे पोचली होती आणि तिने ती नवऱ्याआधी वाचून प्रकाशकांपर्यंत पोचवली होती. प्रकाशकांचा आवाज आता गोड नव्हता, घाईचा होता.

“भोयर साहेब, आम्ही काढतो. पूर्ण आमच्या खर्चाने. भाषा आहे तशी ठेवू, बोलीचा गोडवा आहे. आणि डब्याचं प्रकरण सुरुवातीला घेऊ. तेच तर पुस्तकाचं मर्म आहे.”

पहिला रस्ता, खराखुरा, काकांच्या पायापाशी येऊन थांबला होता. मी म्हटलं, घ्या. मनापासून म्हटलं. माझ्या दुकानातून निघालेल्या पुस्तकाच्या नशिबी हे फार येत नाही. काकांनी ते फुगलेलं पुस्तक पुन्हा चाळलं. मग फोनवर म्हणाले, “ह्या बायकाइनं बाजूले लिवलं ते बी छापान का?”

“समासातल्या टिपा? अहो, ते काही वाङ्मय नाही.”

“मंग माह्यं बी नाई,” काका म्हणाले आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने मला म्हणाले, “ताई, साडूले सांगाची सोय गेली. पन जाऊ द्या. अक्षता टाकाले आता लय लोक हायेत.”

दुसरी आवृत्ती माझ्याकडे काढायची ठरली, समासातल्या टिपांसकट. पण ती प्रत काकूंनी घरी ठेवून घेतली. “लोकाइनं वाचून वापस केलं म्हनजे चांगलंच असन. आता मी वाचतो, मंग देतो.” काका त्या दिवसांत सकाळीच माझ्या दुकानात येऊन बसत. घरी जायला तयार नसत. “हजार-बाराशे अंशावर काम केलं,” म्हणत, “पन असं नाई वाटलं कधी.”

शेवटी प्रत माझ्याकडे आली. मी टिपा जुळवायला घेतल्या. समासात बारीक अक्षर बसवणं हे जुळणी करणाऱ्याच्या डोळ्यांचं मरण, तरी मी एकही सोडली नाही. डब्याच्या प्रकरणाच्या शेवटी, ‘मले अंबाडी पयल्यापासून आवडत नाई’ या वाक्याशेजारी, नवी टीप होती. अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं.

काकांना मी काही बोलले नाही. प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं. प्लांटच्या सवयीने ते तपासलेल्या प्रत्येक पानाखाली सही करत. डब्याच्या शेवटच्या पानावर त्यांचं पेन थांबलं. टीप अशी होती:

‘मले मालूम होतं, भाजी दुसरेच खातेत. मनराखनच्या बायकोनं बाजारात सांगतलं, तोर अमारी बर सब झगरा होथे बहिनी, म्हनजे तुह्या अंबाडीसाठी सारे भांडतेत. म्हनूनच त रोज दोन मुठी जास्त पडे. तुमाले उरावी म्हनून.’

काकांनी टीप बोट ठेवून पुन्हा वाचली. मग चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “हे प्रकरन आता काढता येते का?”

“नाही,” मी म्हटलं. “फर्मा बिघडेल.”

त्यांनी सही केली. मग पायाशी ठेवलेली पिशवी उचलून माझ्यापुढे सरकवली. “हे कमलनं तुमच्यासाठी देल्लं.” मी डबा उघडला. आंबट, लसणाचा वास दुकानभर पसरला. काकांनी खुर्ची जराशी मागे घेतली, मग उंबरठ्यापर्यंत नेली. मी जेवायला बसले. भाजी अप्रतिम होती, मनराखन आणि मंडळींचं काही चुकलं नव्हतं. पोटभर खाल्ली तरी डब्यात उरलीच. एका माणसाच्या हिशेबाने दोन मुठी जास्त होती.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली, डबा जवळ घेतला आणि भट्टीजवळ जाताना घेतात तसा एक लांब श्वास घेतला.